सकाळचा काटा आणि दुपारचा काटा



गेल्या हंगामात जानेवारीच्या थंडीत पहाटे साडेपाचच्या सुमारास केनयार्डात जो गलका झाला, तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एका सभासदाने गावाजवळच्या खाजगी काट्यावर भरगाडी वजन करून आणली होती. आपल्या काट्यावर ती १२० किलो कमी भरली. सभासद काट्यावरून गाडी खाली घेईना, मागे चाळीस ट्रॅक्टर उभे, आणि काटा क्लार्क बिचारा पावती हातात धरून गप्प. शेतकी खात्याचे म्हणून आम्हांला बोलावणे आले. आम्ही गेलो आणि इतकी वर्षे जे सांगत आलो तेच सांगितले, की अहो दादा, रात्रभर ऊस गाडीत वाळतो, वाटेत डिझेल जळते, वाढे-कांडी गळते, वजन घटायचेच. तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, मागल्या आठवड्यात माझीच गाडी दुपारी आली, तेव्हा फरक निम्माच होता. दुपारच्या उन्हात ऊस कमी वाळतो का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधायला आम्हांला पुढे वसईपर्यंत जावे लागले. त्या प्रवासात जे शिकलो ते सभासदांसमोर ठेवावे म्हणून हा लेख. विषय इलेक्ट्रॉनिकचा आहे. आमची पदविका शेतीची, पण काट्यावर वजन आपल्याच उसाचे होते, तेव्हा तो समजून घेणे भाग आहे. ज्यांना तराजू समजतो त्यांना हे समजेल.

प्रथम तराजूच घेऊ. जुन्या तागडीत दोन तऱ्हेचे दोष असत. एक पासंगाचा. रिकामी पारडीच समतोल नसतात, एक बाजू छटाकभर झुकलेली असते. हा दोष मोठ्या-लहान सगळ्या वजनाला सारखाच लागतो. शेर मोजा की पाच शेर मोजा, छटाक ती छटाकच. दुसरा दोष दांडीचा. मधला काटा नेमका मध्यावर नसतो, एक हात लांब, एक आखूड. रिकामी तागडी मात्र अगदी सरळ उभी राहते, कारण पारडी त्या बेताने जुळवून घेतलेली असतात. हा दोष वजनाबरोबर वाढत जातो. शेराला छटाक, तर पाच शेराला पाच छटाक. जुनी माणसे हा पकडण्यासाठी माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलत. पासंग डोळ्यांना दिसतो, दांडीचा दोष दिसत नाही. म्हणून दुसरा जास्त वाईट.

इलेक्ट्रॉनिक काट्यातही नेमके हेच दोन दोष असतात. पासंगाला तिथे 'झीरो' म्हणतात आणि दांडीच्या दोषाला 'गेन'चा दोष.

आता आपला काटा कसा चालतो ते पाहू. प्लॅटफॉर्मच्या खाली पोलादाचे ठोकळे असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. गाडी वर चढली की पोलाद दबते. किती दबते? डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे. त्या पोलादावर केसासारख्या बारीक तारेच्या किंवा पत्र्याच्या जाळ्या चिकटवलेल्या असतात. पोलाद दबले की जाळी ताणली वा आखडली जाते आणि तिचा विजेला होणारा अडथळा किंचित बदलतो. ही चिकटपट्टीची युक्ती १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी एकमेकांना न कळत काढली. चार जाळ्या चौकोनात जोडून त्यांतला अत्यल्प फरक ओळखण्याची जोडणी त्याहून जुनी. इंग्लंडच्या व्हीट्स्टन साहेबांनी १८४३ साली ती प्रसिद्धीस आणली म्हणून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आकडे पाहिले म्हणजे काम किती नाजूक आहे ते ध्यानात येईल. साठ टनी काट्याचे उदाहरण घ्या. खाली तीस टनी आठ लोडसेल, आणि त्यांना दहा व्होल्ट वीज पुरवलेली. सर्वसाधारण लोडसेल पूर्ण भारावर दर व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २० मिलिव्होल्ट. पण पूर्ण भार आठांचा मिळून २४० टन. आपण साठ टनांपर्यंतच मोजणार, तेव्हा हाती येतात फक्त ५ मिलिव्होल्ट. त्यांत साठ हजार किलो बसवायचे. दहा किलोच्या एका घराच्या वाट्याला एका व्होल्टचा दहा लाखावा भागसुद्धा पुरता येत नाही. बॅटरीचा एक सेल दीड व्होल्टचा असतो, हे लक्षात घ्या म्हणजे तुलना होईल.

इतकी क्षीण वीज सरळ मोजता येत नाही. म्हणून ती आधी काहीशे पटीने वाढवतात. जितक्या पटीने वाढवतात त्या पटीला 'गेन' म्हणायचे. मग वाढवलेल्या विजेचे दुसरा एक भाग अंकांत रूपांतर करतो, आणि तो अंक इंडिकेटरवर लाल आकड्यांत दिसतो, पावतीवर छापला जातो, संगणकात जातो. ह्या साऱ्या साखळीला इंजिनियर मंडळी डेटा अ‍ॅक्विझिशन, म्हणजे आकडे गोळा करणारी यंत्रणा, असे नाव देतात. आपल्या कारखान्यात रसाचे तपमान, पॅनचा दाब, बॉयलरचे आकडे याच तऱ्हेने गोळा होतात. काटा हा त्यांतला एक, पण सभासदाच्या खिशाला लागून असलेला.

पूर्वी लिव्हरचे काटे होते. त्यांतही गेन होताच, पण तो पोलादी तुळयांचा. एका हातावर टनभर आणि दुसऱ्या हातावर सरकते छोटे वजन, म्हणजे लिव्हरचे गुणोत्तर हाच त्याचा गेन. सुऱ्या झिजल्या की तो बिघडे, पण झिजायला वर्षे लागत. इलेक्ट्रॉनिकचा गेन एका दिवसात बदलू शकतो. कारण ती पट ठरवणारे जे बारीक बारीक रेझिस्टर असतात, त्यांचा अडथळा तपमानाबरोबर बदलतो. चांगल्या प्रतीच्या रेझिस्टरमध्ये हा बदल फारच थोडा, साध्या प्रतीत बराच जास्त. हिशोब करा. दर अंशाला दहा लाखांत पन्नास भाग बदल धरला आणि पहाटे १५ अंश, दुपारी ३५ अंश असे तपमान धरले, तर वीस अंशांत दहा लाखांत हजार भाग, म्हणजे हजारी एक. वीस टनाच्या गाडीला वीस किलो.

वीस किलो ऐकून कोणी म्हणेल, हे तर पासंगालाही पुरत नाही. थांबा. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात हजारी एक म्हणजे रोज पाच टन. हिशोबाच्या सोयीसाठी टनाला ३,००० रुपये धरा. रोजचे १५,००० आणि १२० दिवसांच्या हंगामात १८ लाख. अर्थात चूक सदा एकाच बाजूची नसते. दुपारी उलट झाली तर बेरजेत फिटेलही. पण ज्याची गाडी रोज पहाटेच लागते त्याचे फिटत नाही, आणि ज्याची दुपारी लागते त्याला फुकट मिळते. सभासदा-सभासदांत असा भेद काट्याने करावा हे बरे नव्हे.

इथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण आम्हांलाही तो उशिरा कळला. भरगाडीचे वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे ऊस. झीरो दहा किलोने चुकला असेल तर भरगाडीतही दहा चुकतो, रिकामीतही दहा चुकतो, वजाबाकीत तो उडून जातो. मात्र दोन्ही वजने जवळजवळच्या वेळी व्हायला हवीत. गव्हाणीपाशी सहा तास गाडी अडकली तर झीरो सरकलेला असू शकतो. पण गेनची चूक वजाबाकीत उडत नाही. ती उसाच्या निव्वळ वजनालाही त्याच शेकड्याने लागते. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर शून्य दिसते आहे, तेव्हा काटा बरोबर आहे, असे आम्ही इतके दिवस छातीठोकपणे सांगत होतो. दांडीचा दोष रिकाम्या तागडीत दिसत नसतो, हे विसरलो होतो.

त्या गलक्यानंतर चेअरमन साहेबांनी तीन सभासद, काटा विभागाचे प्रमुख आणि आम्ही अशी समिती नेमली. आम्ही केलेली चाचणी साधी होती. उसाऐवजी वर्कशॉपमधले जुने लोखंड ट्रॉलीत भरले, कारण लोखंड वाळत नाही. डिझेल टाकी भरून, ड्रायव्हर खाली उतरवून, तीच गाडी दुपारी दोनला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तोलली. दुपारी २२,००० किलो. पहाटे रिकामा काटा उणे दहा दाखवत होता, तो शून्यावर आणून तोलले तरी २१,९६०. मग लोखंड निम्मे काढले. दुपारी ११,०००, पहाटे १०,९८०. बावीस टनाला चाळीस, अकरा टनाला वीस. फरक किलोत सारखा नव्हता, प्रमाणात सारखा होता. तागडीचा धडा इथे कामाला आला. पासंग नव्हे, दांडी.

दोन्हींतले खरे कोणते, हा प्रश्न उरला. मुद्रांकित वजने लावून पाहिले तेव्हा दुपारचे खरे ठरले. ऑक्टोबरच्या कडक उन्हात, भर दुपारी काटा जुळवलेला होता. तेव्हा उन्हात तो बरोबर आणि थंडीत हलका. त्या सभासदाचे १२० किलो धरा. त्यांतले चाळीस गेनचे, दहा झीरोचे, ही पन्नास किलो आपल्या पेटीची चूक. उरलेले सत्तर डिझेल, गळती, वाळवण आणि बाहेरच्या काट्याची त्याची स्वतःची चूक, या सगळ्यांचे मिळून. निव्वळ पंधरा टन उसाला ही गेनची चूक सुमारे २७ किलो, म्हणजे ८० रुपये. आम्ही त्या पहाटे सांगितलेले कारण अर्धे खरे होते. अर्धे खरे सांगून माणसाला गप्प करणे हे खोट्यापेक्षा फार चांगले नाही. त्या सभासदाच्या घरी जाऊन आम्ही तसे सांगितले. ते म्हणाले, "ऐंशी रुपयांचं काय नाय साहेब, पण मला येडा ठरवलं होतं ना चाळीस ट्रॅक्टरवाल्यांसमोर."

आता वसई. पेटी दुरुस्तीला वसईच्या एका गाळ्यात पाठवली होती. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूंना लहान लहान कारखान्यांचे शेकडो गाळे आहेत. समितीतले दोन सभासद म्हणाले, साहेब, पेटी उघडताना आम्ही समोर पाहिजे. गोष्ट रास्त होती. ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने, वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडून गेलो. पुलाच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत दीड तास गेला. आपल्या केनयार्डाची आठवण झाली.

वाटेत एक सभासद म्हणाले, ह्या मुलखात ऊस कुठला, इथे नुसती केळी आणि इमारती. तर मंडळी, ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात वसई-माहीमच्या बागायतीत केळीबरोबर उसाचेही वर्णन आहे. पाण्यावर एकेकाळी इथेही ऊस उभा असे. आज पालघर जिल्ह्यात, २०१४ साली तो ठाण्यातून वेगळा झाला, वसईच्या नावाने लोकांना राजेळी केळ्याची सुकेळी आठवतात. येताना आम्ही ती आणली. असो.

गाळ्यात एक कारागीर पेटी उघडून बसले होते. लोडसेल तर आपल्या यार्डात, मग इथे वजन कसे दाखवणार? त्यांच्याकडे सिम्युलेटर नावाची एक लहान डबी होती. ती लोडसेलचे सोंग घेते. बटण फिरवले की बावीस टनाइतकी वीज देते, आणि दिवसभर तेवढीच देते. ती जोडली, इंडिकेटरवर २२,००० आले. मग त्यांनी पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चक्क फ्रिजमध्ये ठेवली, ताकाच्या भांड्याशेजारी. तारा दाराच्या फटीतून बाहेर. अर्ध्या तासात आकडा २१,९६० वर उतरला. बाहेर काढून गरम हवा मारली तर २२,००० च्याही वर चढू लागला. आमच्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. यार्डात जानेवारीत जे घडले ते ताकाशेजारी घडताना दिसत होते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. कोणा दुरुस्ती करणाऱ्याने पूर्वी केव्हातरी गेन ठरवणारा रेझिस्टर जळाला म्हणून बदलला होता आणि जागेवर साध्या प्रतीचा बसवला होता. काही रुपयांची वस्तू. त्याने मुद्दाम केले असे आम्हांला वाटत नाही. किंमत तीच, रंगाच्या पट्ट्याही जवळजवळ त्याच, फक्त उन्हाथंडीचा गुण वेगळा.

नवीन पेटी त्यांनी दाखवली, तिच्यात ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन, म्हणजे स्वतःचा गेन स्वतः तपासून घेण्याची सोय आहे. ती कशी चालते हे कळले आणि आम्हांला फार समाधान वाटले, कारण युक्ती आपल्याच माती परीक्षण प्रयोगशाळेतली आहे. तिथे मातीचा सामू मोजण्याआधी मीटर आधी ७ सामूच्या द्रावणात बुडवतात, मग ४ किंवा ९.२ सामूच्या. एका द्रावणाने पासंग कळतो, दुसऱ्याने दांडी. मगच मातीचा नमुना. हृदयाचा आलेख काढून घेतला असेल त्यांनी कागदाच्या कडेला एक चौकोनी उंचवटा पाहिला असेल. तो हृदयाचा नव्हे. यंत्राने स्वतःला एक मिलिव्होल्ट देऊन काढलेली खूण आहे, दहा मिलिमीटर उंचीची. ती दहाच भरली तर डॉक्टरांनी पुढचे वाचायचे.

काट्याच्या पेटीत हेच काम एक आपोआप फिरणारा स्विच करतो. थोड्या थोड्या वेळाने तो लोडसेल क्षणभर बाजूला करतो आणि आत येणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडतो, म्हणजे भार शून्य. जो आकडा येईल तो टिपून ठेवतो. मग पेटीतच जपून ठेवलेली एक ठराविक, पक्की वीज जोडतो आणि तिचा आकडा टिपतो. मग पुन्हा लोडसेल. आता तीन आकडे झाले. शून्याचा, पक्क्या विजेचा आणि गाडीचा.

उदाहरणाने सांगतो. पक्की वीज पन्नास हजार किलोच्या बरोबरीची आहे असे धरा. पहाटे शून्याचा आकडा १२०, पक्क्याचा ५०,१२०, गाडीचा २५,१२०. गाडीतून शून्य वजा करा, २५,०००. पक्क्यातून शून्य वजा करा, ५०,०००. गाडी पक्क्याच्या निम्मी, म्हणजे २५,००० किलो. दुपारी पेटी तापली. झीरो सरकून १५० झाला आणि गेन हजारी एक वाढला. आता पक्क्याचा आकडा ५०,२००, गाडीचा २५,१७५. पहाटेचाच १२० वजा केला असता तर २५,०५५ आले असते, पंचावन्न किलो जास्त. पण आताचा शून्य वजा केला तर गाडी २५,०२५ आणि पक्का ५०,०५०. पुन्हा नेमकी निम्मी! पुन्हा २५,०००. गेन किती पट आहे हे कोणी विचारलेच नाही. तो दोन्हीकडे सारखाच लागला आणि भागाकारात उडून गेला, जसा पासंग वजाबाकीत उडतो.

हे आम्ही गाळ्यातल्या पुठ्ठ्यावर दोनदा करून पाहिले. सोबतच्या सभासदांनी ते आमच्या आधी सोडवले, हेही इथे नमूद करतो.

नव्या पेटीलाही फ्रिजची शिक्षा दिली. आकडा जरा हलला आणि पुन्हा २२,००० वर येऊन बसला. आणखी एक सोय अशी, की लोडसेलला जी वीज पुरवायची तिच्याशीच परत येणारी वीज ताडून पाहतात. त्यामुळे जनरेटर सुरू होताना वीज खालीवर झाली तरी गुणोत्तर बदलत नाही. त्यासाठी चार तारांऐवजी सहा तारांची केबल लागते. वाढीव दोन तारा लोडसेलपाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले ते सांगतात. खर्च थोडा वाढतो, पण लांब केबलवर ती पाहिजेच असे आमचे मत झाले आहे.

आता सावधगिरीचा भाग, आणि हा वाचल्याशिवाय पान उलटू नये. आपोआप गेन तपासणारी पेटी आली म्हणजे काटा निर्दोष झाला, असे कोणी सांगितले तर मानू नका. स्विच पेटीच्या आत आहे. तो जे तपासतो ते पेटीचेच. पेटीच्या बाहेर काय चालले आहे हे त्याला कळत नाही. प्लॅटफॉर्म आणि काँक्रिटच्या कडेमध्ये पाचट आणि चिखल ठासून बसला तर गाडीचा काही भार कडेवर जातो, लोडसेलवर येत नाही. जोडपेटीत पाणी शिरले, लोडसेलची केबल उंदराने कुरतडली, जवळ वीज पडली, एका कोपऱ्याचा लोडसेल मेला, यांतले एकही पेटीला दिसणार नाही. ती म्हणत राहील की माझा गेन ठीक आहे. आणि तिला पहिल्यांदा जुळवतानाच चुकीचे शिकवले, भोळेपणाने किंवा लबाडीने, तर ती ते चुकीचे वजन उन्हाथंडीत, रात्रंदिवस, मोठ्या इमानाने राखील.

म्हणून लोखंडाच्या वजनांना पर्याय नाही. वजनमापांचा आजचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याखाली काट्याची दर बारा महिन्यांनी वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन शिक्का बसतो. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करायची आणि सील तुटले की पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय काटा वापरायचा नाही. आपली नवी पेटीही शिक्का बसल्यावरच सुरू होईल. चूक किती चालते तेही माहीत असू द्या. दहा किलोच्या घराच्या काट्याला पडताळणीच्या वेळी पाच टनांपर्यंत पाच किलो, वीस टनांपर्यंत दहा किलो आणि त्यावर पंधरा किलो. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. आपली बावीस टनाला चाळीस किलोची चूक त्या दुप्पट मर्यादेच्याही बाहेर होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

सभासदांना स्वतः काय करता येईल, असे पुष्कळजण विचारतात. बाहेरच्या काट्यावर तोलून जरूर आणा, पण एकाच आकड्यावर भांडू नका. दोन्हीकडे ड्रायव्हर खाली, टाकीतले डिझेल साधारण तितकेच, आणि भरगाडीबरोबर रिकामी गाडीही दोन्हीकडे तोला. मग फरक मांडा. रिकामीत पन्नास आणि भरगाडीतही पन्नास असेल तर दोष झीरोचा, उसाच्या वजनात तो येत नाही. रिकामीत दहा आणि भरगाडीत चाळीस असेल तर दोष प्रमाणाचा, आणि तुमची तक्रार खरी असण्याचा संभव मोठा. अर्थात दोष कोणत्या काट्याचा हे त्यावरून ठरत नाही. तो बाहेरचाही असू शकेल. गाडी चढवण्यापूर्वी आकडा शून्य आहे ना ते स्वतः पाहा. सगळी चाके प्लॅटफॉर्मवर आहेत ना ते पाहा. ट्रॉलीचे मागचे चाक कडेवर राहिले तर कुठल्याही पेटीला इलाज नाही. पावतीवर वेळ छापलेली असते, तिच्याकडे आजवर कोणी बघत नव्हते. ती जपून ठेवा, कारण ह्या प्रकरणाचा उलगडा वेळेवरूनच झाला.

गेल्या हंगामातील रात्री अकरा ते सकाळी आठ या वेळेतील पावत्यांचा फरक कसा द्यावयाचा, याचा हिशोब समितीने संचालक मंडळापुढे ठेवला आहे. थंडीच्या कोणत्या रात्री तपमान किती होते याची नोंद आमच्या हवामान वहीत आहे, त्यावरून तो काढला. निर्णय झाल्यावर गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल.

ह्या हंगामात दर पंधरा दिवसांनी पहाटे सहाला आणि दुपारी दोनला मुद्रांकित वजने लावून काटा तपासला जाईल आणि दोन्ही आकडे काटाघराच्या दारावर लिहिले जातील. प्रत्येक वेळी तीन सभासद हजर हवेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या स्लीप बॉयकडे नाव द्यावे. पहिल्या चाचणीला ते पहाटेचे सभासद येणार आहेत. एक टन वजने वीस-वीस किलोची, पन्नास नग, हाताने चढवायची आणि उतरवायची आहेत, सबब न्याहारी करून यावे.

— ऊस विकास अधिकारी